माझी खुर्ची बेबाच्या अंगणात

आमच्या घरात एकच धड खुर्ची आहे. लाल रंगाची, हात असलेली, प्लास्टिकची. माझा मुलगा ज्ञानेश्वर सुरतेला कामाला असतो, त्याने मागच्या दिवाळीला आणली. मी स्वतः तिच्यावर कधी बसले नव्हते. पण ओट्यावर खुर्ची असली की येणारा-जाणारा थांबतो, टेकतो, दोन शब्द बोलतो. यंदाच्या उन्हाळ्यात ती खुर्ची माझ्या धाकट्या जावेच्या, बेबाबाईच्या, अंगणात गेली ती मतदान होईपर्यंत परत आली नाही.

आमचं गाव पिंपळनेरच्या खाली, पांझरेच्या काठाला. आमची गल्ली लाल बावट्याची. मी लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बाया शेतमालकासमोर तोंड उघडत नव्हत्या. बावटा आला आणि बाया मजुरीचा भाव बोलायला लागल्या. तेव्हापासून मी बावट्याची. साक्रीचा मोर्चा असो की धुळ्याचा, घरोघर फिरून भाकरी गोळा करणारी मी. भिंतीवर खळ लावणारी मी. पावसात भिजलेला बावटा घरी आणून वाळवणारी मी. आमचा माणूस निवडून येत नसे, पण मत आमचं आमच्या चिन्हाला पडे, आणि त्या दिवशी नवं लुगडं नेसल्यासारखं वाटे.

यंदा आमचा उमेदवारच नव्हता. धुळ्याच्या बैठकीत ठरलं होतं की समोरचा पाडायचा असेल तर बावट्याची सगळी मतं नवलदादांना गेली पाहिजेत. नवलदादा म्हणजे जिनिंगवाल्या आबासाहेबांचा मुलगा. आबासाहेब आता नाहीत. पण एका दुष्काळात त्यांच्या जिनिंगच्या फाटकावर आम्ही मजुरीसाठी बसलो होतो, तेव्हा त्यांची माणसं आतून काठ्या घेऊन आली होती. माझ्या धाकट्या दिराचा, वनाचा, उजवा हात त्या दिवशी मोडला. पुढे तो हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. डोक्याला टॉवेल बांधायचा तर बेबा बांधून द्यायची. दोन पावसाळ्यांपूर्वी वना वारला.

हे सगळं मला माहीत होतं, कारण त्या फाटकावर मी होते. बेबा नव्हती. ती तेव्हा माहेरी बाळंतपणाला गेली होती.

पारावर सभा झाली. धुळ्याहून दिपमाला आली होती. दिपमाला आमच्या जुन्या कार्यकर्त्याची मुलगी. तिचे आई-बाप तुरुंगात असताना ती एक सबंध उन्हाळा माझ्या घरी राहिली होती. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. आता ती वकील आहे आणि पक्षाचं काम पाहते. ती म्हणाली, "नवलदादा आपला माणूस नाही, हे मला कोणी सांगू नका. पण समोरचा आला तर उद्या मोर्चा काढायलाही जागा उरणार नाही. दगडापेक्षा वीट मऊ."

मी पहिला हात वर केला. वनाचा हात मलाही दिसत होता. पण बैठकीत ठरलं की ठरलं, तिथे आपलं मन घालायचं नाही, असंच मी शिकले होते.

तेवढ्यात मागून बेबा उठली. पदर खोचला आणि म्हणाली, "मी त्याले मत देवाव नही. बठ्ठा गाव देवो. मी नही."

"मावशी, वीट मऊ असते..." दिपमाला म्हणाली.

"मऊ शे म्हने! डोकामा घाली ते रगतच निंघस ना?"

माणसं हसली. पलीकडच्या घरची लताबाई उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग गल्लीतल्या बाया एकेक करून उठल्या. माझा हात अजून वरच होता. तो खाली कधी घ्यावा ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दिपमाला गल्लीत आली. मी ओटा सारवून ठेवला होता, चहाचं आधण ठेवलं होतं. ती माझ्या दारावरून जाता जाता म्हणाली, "अक्का, बऱ्या ना? येतेच हं," आणि सरळ बेबाकडे गेली. थोड्या वेळाने तिच्याबरोबरचा किरण, तो धुळ्याचा पोरगा, कायम मोबाइल हातात, तो आला. "अक्का, खुर्ची नेतो. ताई खाली बसल्यात."

खुर्ची गेली. मग बेबाची नात आली, "आजी, दूध दे. पाहुण्यांना चहा करायचा." दूधही गेलं. माझं आधण चुलीवर उकळून आटलं.

आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे. मी भिंतीपलीकडचं सगळं ऐकत बसले.

"मावशी, तुमच्या एका मताने तो आला, तर उद्या हीच पोरं तुम्हाला विचारतील."

"मांगला टाइमले तो उना तव्हय कोन्ही इचारं नही माले."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तव्हय बी तुम्ही हाईच म्हने व्हतात, पोरी."

दिपमाला तिथे बराच वेळ बसली. कधी समजावून बोलली, कधी आवाज चढवला. एकदा तर म्हणाली, "मत न देणं म्हणजे त्याला मत देणंच आहे, मावशी. हे पाप तुमच्या माथी बसेल." निघताना दिपमाला तिच्या पाया पडली. माझ्या दारात आली ती उभ्या उभ्याच. "अक्का, चहा नको, आत्ताच झाला."

माझ्याच दुधाचा.

त्यानंतर लाइनच लागली. पिंपळनेरचे गुरुजी आले. साक्रीचे सेक्रेटरी आले. नवलदादांच्या आघाडीतले पांढऱ्या कपड्यांचे दोघे आले, त्यांनी शहाळी आणली. सगळे माझ्या दारावरून जायचे, मला "अक्का, राम राम" म्हणायचे आणि बेबाच्या अंगणात माझ्या खुर्चीवर बसायचे. बेबाकडे फोन नाही. तिला कोणाचा फोन आला की तो माझ्या फोनवर यायचा. "अक्का, जरा मावशींना द्याल का?" मी फोन घेऊन जायची, ती बोलेपर्यंत बाजूला उभी राहायची, आणि परत घेऊन यायची. गल्लीतला पोस्टमनच झाले म्हणा.

माझा नवरा चिंधा बाजेवर पडून हे पाहत असे. एकदा म्हणाला, "बुढी, आते गाय बी तिना घर बांधी ये. रोज दूध लई जावाना तरास वाची."

"तुम्ही गप बसा."

"तुनं काबर जळस वं?"

"माझं काही जळत नाही."

"मंग हाऊ वास कसाना शे?"

मी त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या ओतला असता, पण उन्हाळ्यात पाणी महाग.

खरं सांगायचं तर जळत होतं. मी बावट्यासाठी ज्या घरांचे उंबरे झिजवले, त्याच घरांतल्या बाया आता बेबाच्या तोंडाकडे पाहत होत्या. का? तर ती नाही म्हणाली. नाही म्हणायला काय लागतं? मी उभा जन्म हो म्हणत आले, ते कोणाला दिसलं नाही. लग्नात रुसलेल्या जावयापुढे सगळा मांडव हात जोडतो, आणि ज्याने मांडव घातला तो मागे भांडी घासत असतो. तशी गत.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तेव्हा दिपमालाचा फोन आला. या वेळी माझ्यासाठी. मी हात पदराला पुसून फोन घेतला.

"अक्का, आता तुम्हीच काहीतरी करा. तुम्ही मोठ्या जाऊबाई. आखाजीला मुऱ्हाळी जातो ना पोरीला सासरहून आणायला, तशा जा आणि मावशींना घेऊन या आपल्यात."

म्हणजे माझं काम बेबाला आणायचं. तरी मी गेले.

बेबा अंगणात चिंचा फोडत बसली होती. खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या हातावर झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या, कोणीतरी हार ठेवला असणार. मी खुर्चीवर बसले नाही. खाली बसून मीही दोन चिंचा घेतल्या.

"बेबा, आता पुरे कर. फार ताणलंस."

"तुले धाडं का त्यासनी?"

"मला कोणी धाडायला लागत नाही. मी आपणहून आले."

"खोटं नको बोलू, अक्का. फोन वाजना तो मी ऐकात." भिंत एकच. तिलाही सगळं ऐकू येतं.

मी म्हटलं, "नवलदादाने काठी मारली नव्हती. तो तेव्हा पोरगा होता."

"त्याना बापनी धाडेल माणसं व्हतात ना? मंग पोऱ्यानी एकदा तरी इसन सांगावं, चुकनं म्हनीसन. इतला लोक उनात, तेवढं कोनी बोलनं नही. बठ्ठा माले समजाडतस. त्याले कोनी समजाडं का?"

मी दुसरंच बोलले. "त्या दिवशी फाटकावर तू नव्हतीस. मी होते. मी वनाला उचललं. आणि आज मी त्याला मत देते आहे."

बेबाने चिंच फोडायची थांबवली. "मंग तुले कोनी इचारं का, तू कशी देस?"

"मला कशाला विचारतील?"

"तेच सांगस मी. तू कधी नही म्हनस का? मंग तुले कोन इचारी?"

मी उठले. चिंचा तिथेच टाकल्या. घरी येऊन चुलीपुढे बसले तर धूर नसताना डोळ्यांत पाणी. तिने मला टोचायला म्हटलं नव्हतं, हे मला कळत होतं. त्यामुळे जास्तच लागलं.

आखाजीचा दिवस उजाडला. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे. पाट मांडतात, पुरणपोळी, आमरस, कुरडई वाढतात, आणि भाऊबंदांपैकी कोणाला तरी मेलेल्या माणसाच्या जागी बसवून जेवू घालतात. तो जेवतो तोवर त्याला कोणी उठवत नाही, वाकडा शब्द बोलत नाही. जेवण झालं की घरची बाई त्याच्या पाया पडते. ते पाय त्याचे नसतात, पितराचे असतात. मी माझ्या घरी सासू-सासऱ्यांची घागर भरली होती. बेबाकडे वनाची होती. वनाच्या पाटावर आमचा चुलत पुतण्या प्रेमराज बसणार होता. पण आखाजीला माणसं पत्ते कुटतात. प्रेमराजच्या हातात पानं चांगली आली होती म्हणे, तो काही उठेना.

ताट वाढलेलं, पाट रिकामा, अगरबत्ती जळते आहे, आणि बाहेर गाड्या थांबल्या. नवलदादा आले होते. दिपमाला बरोबर होती, ती गाडीपाशी फोनवर बोलत मागे राहिली. किरण पुढे पळत आला. त्याला वाटलं, दादा येणार हे कळल्यावर मावशीने ताट तयार ठेवलंय. "दादा, बसा बसा, मावशींनी पाट मांडलाय," असं म्हणत त्याने नवलदादांना आत नेलं. ते उन्हाने लाल झालेले. सकाळपासून दहा घरी पाणी प्यालेले. मान खाली घालून पाटावर बसले आणि त्यांनी घास घेतला.

मी दारात उभी होते. ओरडणार होते. बेबाने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. बसलेल्याला उठवायचं नाही.

दुसरा घास घेताना त्यांची नजर वर गेली. समोर घागर. घागरीच्या वर भिंतीला वनाचा फोटो, हार घातलेला. खानदेशातला माणूस, त्यांना काय सांगायला पाहिजे? हात ताटातच थांबला.

"हा पाट..." ते म्हणाले.

"वनाना शे," बेबा म्हणाली. "तुमना वडील वळखत व्हतात त्यासले. जेवा."

बाहेरची पोरं घोषणा देत होती, त्यांना कोणीतरी चूप केलं. पितराचं ताट अर्धं टाकून उठणं याहून मोठा अपशकुन नाही. नवलदादा जेवले. पोळी जेवले, रस जेवले, कुरडई जेवले. बेबा वाढत होती आणि ते नाही म्हणत नव्हते. घामाचे थेंब ताटात पडत होते. तोंडातून शब्द मात्र आला नाही. चुकलं म्हणायला त्याहून चांगली वेळ त्यांना मिळाली नसती, पण दारात इतकी माणसं आणि किरणचा मोबाइल.

हात धुतल्यावर बेबाने पदर पुढे घेतला आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. गल्लीतल्या बायांनी डोळे पुसले. मीही पुसले. पण मेलं मन कसं असतं पाहा, डोळे पुसताना मी बघत होते की सगळे तिच्याकडेच बघत आहेत. माझ्या घरी दोन घागरी भरलेल्या, तिकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत किरणचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. बेबा नवलदादांच्या पाया पडते आहे. घागर त्यात नव्हती, फोटो नव्हता. खाली लिहिलं होतं, लाल बावट्याच्या मावशींचा दादांना आशीर्वाद. पाया पडणारी ती आणि आशीर्वाद तिचा, हेही कोणाला खटकलं नाही. साक्रीच्या सेक्रेटरींनी पेढे वाटले. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं ते पाय कोणाचे होते, पण गल्लीला विचारतो कोण?

प्रचार संपायच्या दिवशी शेवटची बैठक झाली, बेबाच्याच अंगणात. दिपमाला माझ्या खुर्चीवर बसली होती. तिने प्रत्येकीला विचारलं, सकाळी किती वाजता निघणार, कोणाला आणायचं. माझ्यापर्यंत आली आणि पुढे गेली.

मी म्हटलं, "मला विचारलं नाहीस."

"तुमचं काय विचारायचं, अक्का?"

"विचार. मी नाही देणार मत."

आधी दिपमाला हसली. सेक्रेटरी हसले. लताबाई तोंडाला पदर लावून हसली. किरण म्हणाला, "अक्का, एक नंबर!" दिपमाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "अशी थट्टा नका करू, अक्का. आधीच माझं बीपी वाढलंय." आणि बैठक पुढे सुरू झाली.

मी थट्टा केली नव्हती.

बेबा तेवढी हसली नाही. ती चिंचेचे चिंचोके सुपात गोळा करत होती. तिने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं.

मतदानाच्या दिवशी मी पहाटे उठून ज्वारीच्या बिबड्यांचं, म्हणजे वाळवणाच्या पापडांचं, पीठ शिजवायला ठेवलं. दर निवडणुकीला मी शाळेच्या दारात पहिली असते. यंदा अंगणात प्लास्टिक अंथरलं आणि बिबडे थापायला बसले. चिंधा आंघोळ करून, टोपी घालून उभा. "चालस ना?"

"नाही."

त्याने मला नीट पाहिलं. "रुसनी का?"

"तुम्ही जा."

तो गेला. मी बिबडे थापत होते आणि कान रस्त्याकडे. येतील. यादी पाहतील, नाव राहिलेलं दिसेल, धावत येतील. गाडी पाठवतील. दिपमाला येईल, म्हणेल, अक्का, काय झालं, काय चुकलं आमचं? मी काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. आधी थोडं ताणायचं. मग चहा ठेवायचा.

ऊन चढलं. रिक्षा गल्लीतून गेली, म्हातारी माणसं भरून परत आली, पुन्हा गेली. किरण मोटारसायकलवर गेला, मला पाहून अंगठा वर केला. त्याला वाटलं मी मत देऊन येऊन कामाला लागले. प्लास्टिकवर बिबड्यांची शेवटची ओळ थापून झाली. पीठ संपलं. कोणी आलं नाही.

माझं मत कोणालाच मागायचं नव्हतं. ते त्यांनी आधीच खिशात घातलं होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा पावलं वाजली. बेबा होती. अंगावर वनाने शेवटी घेतलेलं हिरवं लुगडं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, एक बिबडा बोटाने चाचपला.

"जाड जयात."

"होऊ दे."

"चाल, ऊठ. मी तुले लेवाले उनू."

"तुला कोणी धाडलं?"

"कोनी नही. माले कोन धाडी? त्यासले ठाऊकच नही तू घर शे म्हनीसन."

"मी येणार नाही."

"अक्का, माले नही म्हनता येस. तुले येस नही. तुले रातले नीज येवाव नही. पुढला मोर्चामा बावटा हातमा धरशी ना, तव्हय तुना हात कापी. चाल."

मी तिच्याकडे पाहत राहिले. जगात मी रुसले आहे हे ओळखणारं एक माणूस निघालं, ते नेमकं हे. हात धुतले. बिबड्यांवर तिने जुनं लुगडं पसरलं, कडांना दगड ठेवले, आणि आम्ही निघालो.

शाळेपासून थोडं अलीकडे पक्षाचं टेबल होतं. दिपमाला तिथे उभी होती. आम्हा दोघींना बरोबर येताना पाहून तिने यादीत नजर घातली आणि तोंडावर हात ठेवला. "अक्का! तुमचं राहिलंच होतं?" मला वाटलं आता ती माझ्याकडे येईल. ती बेबाच्या गळ्यात पडली. "मावशी, तुम्ही अक्कांनासुद्धा घेऊन आलात!"

टाळ्या वाजल्या. किरणने फोटो काढला. फोटोत बेबा मध्ये आहे, मी कडेला, अर्धी.

आत गेले. शाई लावली. मशीनपुढे उभी राहिले. आमचं चिन्ह नव्हतंच. बोट नवलदादांच्या नावापर्यंत गेलं, तिथून खाली घसरत शेवटच्या बटणापर्यंत गेलं, परत वर आलं. वीट तर वीट. दाबलं. मशीन वाजली.

परत येताना पांझरेच्या पुलावर मी तिला विचारलं, "मग, दिलंस ना शेवटी?"

"दिनं."

"नवलदादांना?"

"बठ्ठास्ना खालनं बटन."

म्हणजे यांपैकी कोणीही नाही. मी उभीच राहिले. "बेबा! सगळे समजताहेत की तू..."

"मी कव्हय म्हनी, देसू म्हनीसन? मी तं पयला दिनपासून एकच सांगस. त्यासनी ऐकं नही, त्याले मी काय करू?" आणि ती पुढे चालायला लागली. मोकळी, हात हलवत, माहेरी निघालेल्या पोरीसारखी. खुर्चीवरून, दुधावरून, टाळ्यांवरून मी जेवढी जळले नव्हते, तेवढी त्या चालीवर जळले.

संध्याकाळी माझा फोन वाजला. दिपमाला. आवाज बसलेला, पण खूश.

"अक्का, तुमच्या गल्लीने कमाल केली. सगळ्या मावशींमुळे. त्या हो म्हणाल्या आणि वारं फिरलं. त्यांना देता का फोन?"

मी फोन कानाला लावून अंगणात उभी होते. एकच वाक्य. ती हो म्हणाली नव्हती, तिने शेवटचं बटण दाबलं. एवढं बोलले असते तर पुढच्या निवडणुकीत, पुढच्या मोर्च्यात, दिपमाला माझ्या दारावरून सरळ पुढे गेली नसती. वाक्य जिभेवर होतं. आखाजीच्या रसासारखं गोड होतं.

"अक्का? आहात ना? आणि तुमचं मत काय, ते तर आमचंच!"

"थांब," मी म्हटलं. "देते तिला."

भिंतीला वळसा घालून गेले. बेबा उंबऱ्यावर बसून पाय चेपत होती. फोन तिच्या हातात दिला. ती "हां पोरी, हां पोरी" करत राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली.

तिचं बोलणं संपायची वाट मी पाहिली नाही. अंगणातली खुर्ची उचलली, हाताला चिकटलेल्या सुकल्या पाकळ्या झटकल्या, आणि ती डोक्यावर घेऊन घरी आले. ओट्यावर ठेवली आणि पहिल्यांदा तिच्यावर बसले.

थोड्या वेळाने बेबा फोन परत द्यायला आली. उभी राहिली.

"टेक," मी म्हटलं आणि खाली ओट्याकडे बोट दाखवलं.